घरगुती सर्व्हरची साठवण आणि फाइल प्रणालीची निवड : प्रस्तावना

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या महामार्गावर, पैनगंगेच्या परिसरात, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो त्या सीमेवर कनेरगाव नाका हे गाव वसले आहे. अशा गावातील घरांत, छायाचित्रांच्या दुकानांत, शाळांत आणि सेवा केंद्रांत गेल्या काही वर्षांत डिजिटल स्वरूपाची जी सामग्री साठत गेली, तिचा एकत्रित विचार मराठीत फारसा झालेला नाही. लग्नसमारंभांची तासन्‌तास चालणारी चित्रीकरणे, पीकविम्याच्या पोचपावत्या, वाटणीपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, मुलांच्या गुणपत्रिका, वडीलधाऱ्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे हे सर्व आज बहुधा एखाद्याच हार्ड डिस्कवर असते, आणि त्या डिस्कवर कोणती फाइल प्रणाली आहे हे मालकाला माहीत नसते, कारण ती त्याने निवडलेली नसून कारखान्यातून आलेली असते. यातील सातबारा उतारा हरवला तर पुन्हा काढता येतो, कारण त्याची मूळ नोंद शासनाच्या संगणकावर आहे. दिवंगत आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण गेले तर ते कोणत्याही कार्यालयातून परत मिळणार नाही. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या प्रकारच्या सामग्रीसाठी लिहिले आहे.

घरगुती सर्व्हर या शब्दाने काही भव्य अपेक्षित नाही. वापरातून गेलेला एखादा जुना डेस्कटॉप, त्यात बसवलेल्या एक-दोन मोठ्या डिस्क, लिनक्ससारखी मोफत उपलब्ध असलेली कार्यप्रणाली आणि घरातील वाय-फायला जोडलेली एक तार एवढ्यावर तो उभा राहतो, आणि घरातील सर्व फोन व संगणक आपापल्या फाइल त्याच्यावर ठेवू शकतात. डिस्क स्वतः केवळ क्रमांक दिलेल्या लहान-लहान खंडांची एक प्रचंड रांग असते; कोणत्या खंडात कोणत्या फाइलचा कोणता तुकडा आहे, फाइलचे नाव काय, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, कोणते खंड रिकामे आहेत, हे तिला कळत नाही. ही सगळी व्यवस्था ठेवणाऱ्या आज्ञावलीला आणि तिने डिस्कवर आखलेल्या रचनेला फाइल प्रणाली म्हणतात. प्रत्यक्ष मजकुराखेरीज ती जी माहिती बाळगते, म्हणजे नावे, तारखा, मालकी आणि तुकड्यांचे पत्ते, तिला मेटाडेटा अशी संज्ञा आहे. मेटाडेटा बिघडला तर मजकूर डिस्कवर शाबूत असूनही सापडत नाही.

विषयाच्या बहुतेक इंग्रजी मांडणीत फाइल प्रणालींची तुलना वेगावरून केली जाते. घरगुती सर्व्हरच्या बाबतीत हा निकष जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण वाय-फाय किंवा घरातील साधे नेटवर्क यांचा वेग बहुधा डिस्कच्या वेगापेक्षा कमी पडतो आणि प्रणाली बदलल्याने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: लिहिणे चालू असताना वीज गेली तर काय शिल्लक राहील, डिस्कने चुकीचा मजकूर परत दिला तर ते कळेल काय, आणि बिघाड झालाच तर गावातील किंवा हिंगोली-वाशीमपर्यंतचा कोणी जाणकार तो हाताळू शकेल काय. पुढील सर्व विवेचन या तीन प्रश्नांभोवती आहे.

विजेचा प्रश्न प्रथम घ्यावा लागतो. एखादी फाइल साठवताना फाइल प्रणालीला एकच नव्हे तर अनेक ठिकाणी लिहावे लागते: मजकुराचे खंड, त्यांचे पत्ते, फोल्डरमधील नोंद आणि रिकाम्या जागेचा हिशेब. यातील दोन लेखने झाली आणि तिसऱ्याच्या आधी वीज गेली, तर डिस्कवरील नोंदी एकमेकींशी विसंगत होतात. एकच खंड दोन फाइलींच्या नावावर लागू शकतो, किंवा वापरात असलेला खंड रिकामा समजला जाऊन त्यावर दुसरेच काही लिहिले जाऊ शकते. १९७०च्या दशकात जन्मलेली फॅट ही प्रणाली आणि तिचे १९९६ साली आलेले फॅट३२ हे रूप या संकटापुढे असहाय आहे. शिवाय तिच्यात एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही, ही मर्यादा लग्नाच्या चित्रीकरणाला लगेच आडवी येते. मोठ्या फाइलींसाठी २००६ साली आलेल्या एक्सफॅटने ही मर्यादा उठवली, पण वीज गेल्यावर सावरण्याची व्यवस्था तिच्यातही नाही. कॅमेऱ्याचे कार्ड आणि ने-आण करण्याचा पेनड्राइव्ह यांसाठी ती योग्य आहे. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरच्या डिस्कवर तिला जागा नाही.

या संकटावरचा पहिला मोठा उपाय म्हणजे जर्नल. डिस्कवर एक लहान राखीव भाग ठेवायचा, जे बदल करायचे आहेत ते आधी तिथे एकत्र लिहायचे, ते पूर्ण लिहिले गेल्याची खूण करायची आणि मगच मूळ जागी बदल करायचे. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना प्रणाली राखीव भाग वाचते, पूर्णतेची खूण असलेले बदल पुन्हा करते आणि अर्धवट राहिलेले सोडून देते. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली आणलेली एनटीएफएस, सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने स्वतःच्या संगणकांसाठी १९९४ साली आणलेली आणि २००१ साली लिनक्सवर आलेली एक्सएफएस, आणि लिनक्समध्ये त्याच वर्षी दाखल झालेली ईएक्सटी३ या सर्व जर्नल ठेवणाऱ्या प्रणाली होत. ईएक्सटी३ची उत्तराधिकारी ईएक्सटी४ २००८ साली स्थिर म्हणून जाहीर झाली. आज लिनक्सच्या अनेक वितरणांत काही न निवडल्यास तीच मिळते आणि तिची दुरुस्तीची साधने दीर्घकाळ कसाला लागलेली आहेत. मात्र एक गोष्ट वाचकाने नीट ध्यानात ठेवावी, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे: नेहमीच्या मांडणीत ईएक्सटी४ केवळ मेटाडेटाचे बदल जर्नलमध्ये लिहिते, मजकूर नव्हे. वीज गेल्यानंतर प्रणाली सुसंगत असेल याची ती काळजी घेते. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल पूर्ण असेल याची नव्हे.

दुसरा उपाय मुळातून वेगळा आहे. त्यात अस्तित्वात असलेल्या खंडावर कधीच पुन्हा लिहीत नाहीत. बदललेला मजकूर नव्या रिकाम्या खंडात लिहितात, त्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीही नव्याने लिहितात आणि सर्वांत शेवटी, सगळे जागेवर पोहोचल्यावर, मुळाशी असलेला एकमेव पत्ता बदलतात. तो बदलेपर्यंत जुनी अवस्था अखंड असते आणि बदलल्यावर नवी अखंड असते. मधली अवस्था डिस्कवर कधी दिसतच नाही. या पद्धतीला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुली केलेली झेडएफएस आणि ओरॅकलमध्ये काम करणाऱ्या ख्रिस मेसन यांनी २००७ साली सुरू केलेली, २००९ साली लिनक्सच्या मुख्य संहितेत आलेली बीटीआरएफएस या तिच्या दोन प्रमुख प्रतिनिधी आहेत. जुनी अवस्था आपोआप शिल्लक राहत असल्यामुळे या दोन्हींत एखाद्या क्षणाचे संपूर्ण चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, क्षणार्धात आणि सुरुवातीला जवळजवळ शून्य जागेत घेता येते. घरातील लहान मुलाने फोल्डर पुसला, किंवा एखाद्या घातक आज्ञावलीने साऱ्या फाइली कुलूपबंद केल्या, तर सर्व्हरवरील आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटवरून त्या परत आणता येतात.

परंतु या दोन्ही उपायांना एक समान अट आहे: डिस्कने ‘लिहिले’ असे सांगितले तेव्हा ते खरोखर लिहिलेले असले पाहिजे. डिस्कच्या आत एक जलद तात्पुरती स्मृती असते आणि फाइल प्रणाली महत्त्वाच्या टप्प्यावर ती रिकामी करण्याची आज्ञा देते. स्वस्त यूएसबी खोक्यांतील काही जोडणी-चिपा ही आज्ञा पुढे न पाठवताच होकार देतात. अशा खोक्यात ठेवलेल्या डिस्कवर कॉपी-ऑन-राइट प्रणालीची सगळी शिस्त कोलमडते, आणि गंमत नव्हे तर दुःखाची गोष्ट अशी की अशा वेळी जुनी ईएक्सटी४ दुरुस्तीच्या साधनाने बऱ्याचदा अंशतः तरी सावरते, तर नव्या प्रणाली पूर्णच उघडण्यास नकार देऊ शकतात. म्हणून सर्व्हरची डिस्क शक्यतो संगणकाच्या आत थेट साटा जोडणीवर बसवावी, हा सल्ला प्रणालीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा मानावा. इन्व्हर्टरविषयीही असेच. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा ‘यूपीएस’ आणि साधा अशा दोन अवस्थांचे बटण असते. साध्या अवस्थेत वीज गेल्यापासून बॅटरी सुरू होईपर्यंतचा खंड पंख्याला जाणवत नाही, पण संगणक त्यात बंद पडू शकतो. वादळी पावसात वीज वारंवार येते-जाते तेव्हा हे बटण योग्य बाजूला असणे कोणत्याही जर्नलपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता दुसरा प्रश्न, जो अधिक खोल आहे आणि ज्याकडे सर्वसाधारण वापरणारा कधीच पाहत नाही. डिस्क पूर्ण बंद पडली तर ते कळते. डिस्कने एखादा खंड वाचता येत नाही असे सांगितले तर तेही कळते. पण डिस्क, तार, नियंत्रक किंवा मेमरी यांपैकी कशातरी दोषामुळे एखादा बिट उलटला आणि चुकीचा मजकूर बिनबोभाट ‘बरोबर’ म्हणून परत आला, तर ईएक्सटी४, एक्सएफएस किंवा एनटीएफएस यांना ते ओळखण्याचा मार्गच नाही. याला मूक बिघाड म्हणता येईल. युरोपातील सर्न या भौतिकी प्रयोगशाळेने २००७ साली आपल्या साठवण यंत्रणांची तपासणी करून असा बिघाड केवळ सैद्धांतिक नाही हे दाखवून दिले होते. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ परिसरात ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, तिच्यासारख्या प्रकल्पांना हा प्रश्न प्रचंड प्रमाणावर सोडवावा लागतो. घराच्या पातळीवर तो लहान असला तरी परिणाम अधिक क्रूर असतो, कारण बिघडलेली फाइलच पुढे बॅकअपमध्ये उतरत जाते आणि काही वर्षांनी चांगली प्रत कुठेच उरत नाही.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक खंड लिहिताना त्याच्या मजकुरावरून गणिताने एक लहान संख्या काढतात, जिला चेकसम म्हणतात, आणि ती खंडापासून वेगळी ठेवतात. वाचताना ती पुन्हा काढून जुळवली जाते. जुळली नाही तर मजकूर बदलला आहे हे निश्चित होते. दोन डिस्कवर एकसारख्या प्रती ठेवल्या असतील, ज्याला मिरर म्हणतात, तर प्रणाली दुसऱ्या डिस्कवरची प्रत तपासते, ती बरोबर असेल तर तीच देते आणि पहिली दुरुस्तही करते. जुन्या पद्धतीच्या मिररला दोन प्रती वेगळ्या आहेत एवढेच कळू शकते, बरोबर कोणती हे नव्हे. महिन्यातून एकदा सर्व मजकूर वाचून अशी पडताळणी करण्याच्या कामाला स्क्रब असे नाव आहे, आणि वर्षानुवर्षे न उघडलेली छायाचित्रे शाबूत आहेत हे कळण्याचा घरगुती सर्व्हरवर दुसरा सोपा मार्ग नाही. एकच डिस्क असेल तर मात्र या प्रणाली नेहमीच्या मांडणीत बिघाड दाखवतात, मजकूर दुरुस्त करू शकत नाहीत. हे ज्ञानही मोलाचे आहे, कारण बॅकअपमधील चांगली प्रत जुनी होऊन पुसली जाण्याआधी ती परत आणता येते.

झेडएफएसच्या प्रवासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे, आणि तो येथे नोंदवला पाहिजे. सनने ही प्रणाली ज्या परवान्याखाली खुली केली तो लिनक्सच्या परवान्याशी जुळत नाही असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्यामुळे ती लिनक्सच्या मुख्य संहितेत घेतली गेली नाही. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने आपल्या महासंगणकांसाठी तिचा गाभा लिनक्सवर आणला, पण सामान्य फाइल-फोल्डरांचा वरचा थर तेव्हा त्यात नव्हता. तो थर जोडून लिनक्सवर थेट वापरता येईल अशी झेडएफएस पुण्यातील केक्यू इन्फोटेक या कंपनीने २०१०-११च्या सुमारास प्रसिद्ध केली. पुढे मुख्य प्रवाह लिव्हरमोरच्याच प्रकल्पातून वाढला आणि २०१३ पासून ओपनझेडएफएस या सामूहिक नावाखाली चालू आहे. मराठी वाचकाला फाइल प्रणाली ही परदेशातून बंद डब्यात येणारी वस्तू वाटते. तिचा एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात घडला ही जाणीव त्या वाटण्याला छेद देते.

देवनागरी नावांचा प्रश्न इंग्रजी ग्रंथांत आढळत नाही, म्हणून त्यावर येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस यांत फाइलच्या नावाची कमाल लांबी २५५ बाइट आहे. झेडएफएसमध्येही दीर्घकाळ हीच मर्यादा होती. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. म्हणजे मराठी नावाला प्रत्यक्षात जेमतेम ८५ चिन्हे मिळतात. ‘कनेरगाव नाका येथील शेतकऱ्यांच्या सोयाबीन पीकविमा अर्जांची पोचपावती खरीप हंगाम २०२४’ हे कार्यालयीन वळणाचे नाव सुमारे २२५ बाइट घेते. त्यात ‘आणि सोबतची कागदपत्रे’ एवढे जोडले की मर्यादा ओलांडली जाते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे हे नाव बिनतक्रार राहते, आणि तीच फाइल सर्व्हरवर नेताना मात्र अडते. शेकडो फाइलींच्या नकलेत अशी एखादी मागे राहिल्याचा संदेश सहज नजरेआड होतो.

त्याहून सूक्ष्म अडचण ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्ध्या ‘र’ची आहे. हे रूप संगणकात ‘ऱ’ या एका चिन्हाने, ‘र’ला खालचे टिंब जोडून, किंवा जुन्या पद्धतीने ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी, असे तीन प्रकारे साठू शकते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस नावाकडे केवळ बाइटांची रांग म्हणून पाहत असल्यामुळे त्यांच्या लेखी ती तीन वेगळी नावे आहेत. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसणे, किंवा समोर दिसणारी फाइल शोधात न सापडणे, याचे मूळ बहुधा येथे असते. झेडएफएसमध्ये साठवण विभाग तयार करतानाच युनिकोडची समरूपता मानण्याचा पर्याय निवडता येतो आणि त्यामुळे पहिली दोन रूपे एक मानली जातात. तिसरे तरीही वेगळेच राहते, आणि हा पर्याय विभाग तयार झाल्यावर बदलता येत नाही. घरातील सर्वांनी एकच कळफलक वापरणे आणि नावे आटोपशीर ठेवणे हा उपाय कोणत्याही प्रणालीवर लागू पडतो.

अशा न बदलता येणाऱ्या निर्णयांमुळेच सुरुवातीच्या निवडीला वजन येते. पूर्णा–हिंगोली–वाशीम–अकोला हा मीटरगेज लोहमार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला, तेव्हा जुन्या रुळांवरचे डबे नव्या रुळांवर चालणे शक्य नव्हते आणि पूर्ण मार्ग उखडून नव्याने घालावा लागला. फाइल प्रणाली बदलणेही याच जातीचे काम आहे, कारण त्यासाठी सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून, मूळ डिस्क नव्याने आखून, पुन्हा चढवावा लागतो. ईएक्सटी४चे बीटीआरएफएसमध्ये जागच्या जागी रूपांतर करणारे साधन आहे, पण बॅकअपशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. चार टेराबाइट भरलेल्या डिस्कसाठी तेवढीच दुसरी रिकामी डिस्क हाताशी असणारी घरे थोडी असतात, म्हणून पहिली डिस्क घेतानाच दुसरीचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

डिस्क एकेक करून, पीक विकल्यावर किंवा लग्नसराईचा हंगाम संपल्यावर, विकत घेतल्या जातात हे येथील वास्तव आहे, आणि इथे दोन आधुनिक प्रणालींची वाट वेगळी होते. झेडएफएस मिररमध्ये दोन डिस्क जवळपास समान आकाराच्या असाव्या लागतात, अन्यथा लहान डिस्कएवढीच जागा मिळते. बीटीआरएफएस मात्र दोन, तीन आणि चार टेराबाइटच्या वेगवेगळ्या डिस्क एकत्र घेऊन प्रत्येक खंडाच्या दोन प्रती दोन भिन्न डिस्कवर ठेवू शकते आणि पुढे डिस्क वाढवणे वा काढणे चालू अवस्थेत करू देते. दुसरीकडे, झेडएफएसची मिरर आणि दुरुस्तीची वर्तणूक अधिक कसाला लागलेली आहे, तर बीटीआरएफएसच्या रेड ५ आणि रेड ६ या, कमी जागेत सुरक्षा देऊ पाहणाऱ्या मांडण्या तिच्या निर्मात्यांनीच महत्त्वाच्या सामग्रीसाठी सुचवलेल्या नाहीत. झेडएफएसला प्रचंड मेमरी लागते ही समजूत अतिरंजित आहे. तो खर्च प्रामुख्याने सारख्या खंडांची एकच प्रत ठेवण्याच्या सोयीचा आहे आणि ती सोय घरात बंदच ठेवावी. तिची खरी अडचण अशी की ती लिनक्सच्या संहितेबाहेर असल्याने कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर क्वचित काही काळ जुळत नाही. नव्याचा मोह असणाऱ्यांसाठी एक ताजे उदाहरण पुरे आहे: बीकॅशएफएस ही होतकरू प्रणाली जानेवारी २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य संहितेत आली आणि २०२५ मध्ये तिच्यातून वगळली गेली.

या सर्वांवरून पुस्तकाची शिफारस अशी आहे. एकच डिस्क असेल आणि सांभाळणारा नवखा असेल, तर ईएक्सटी४ घ्यावी, तिच्यावरील महत्त्वाच्या फाइलींचे चेकसम वेगळ्या यादीत काढून ठेवावेत आणि ती यादी वर्षातून काही वेळा ताडून पाहावी. दोन समान डिस्क एकदम घेता येत असतील तर झेडएफएस मिरर ही सर्वांत निश्चिंत व्यवस्था आहे, मात्र तिच्या मूलभूत आज्ञा घरातील किमान दोघांना याव्यात. डिस्क हळूहळू, मिळेल त्या आकाराच्या येणार असतील तर बीटीआरएफएसची दोन प्रतींची मांडणी स्वीकारावी आणि रेड ५ व ६ टाळाव्यात. ज्या घरात एकच तरुण हे सगळे जाणतो आणि तो पुण्याला वा हैदराबादला नोकरीस जाणार आहे, तिथे उत्तमोत्तम प्रणालीपेक्षा मागे राहणाऱ्याला उघडता येईल अशी प्रणाली बरी, हे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे, आणि तांत्रिक दृष्टीने ते उणे वाटले तरी त्यात तडजोड करू नये.

मिरर आणि स्नॅपशॉट यांना बॅकअप समजण्याची चूक मात्र कोणत्याही निवडीनंतर होऊ शकते. दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात, एकाच विजेवर चालतात. वीज कोसळली, पेटी चोरीस गेली किंवा घरात पाणी शिरले तर दोन्ही एकदम जातात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असा आहे. कनेरगाव नाक्यातील कुटुंबाला यातील दुसरे ठिकाण शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण बहुतेकांचे नातेवाईक हिंगोलीत किंवा वाशीममध्ये असतातच. दर दोन-तीन महिन्यांनी एक डिस्क तिकडे न्यावी आणि तिथली इकडे आणावी. या फिरत्या डिस्कवर ईएक्सटी४ असावी, कारण कुणाचाही साधा लिनक्स संगणक ती उघडू शकतो; त्या घरी केवळ विंडोज असेल तर एनटीएफएस चालेल, पण मग वर सांगितलेली नावांची मर्यादा उलट दिशेनेही तपासावी, विशेषतः विंडोजला न चालणारी अपूर्णविराम व प्रश्नचिन्हासारखी चिन्हे सर्व्हरवरच्या नावांत आहेत काय ते पाहावे. परत आलेल्या डिस्कवरून दर खेपेस चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, आणि त्यांत एक जुने चित्रीकरण शेवटपर्यंत चालवून पाहावे.